प्रत्येक गोलनंतर गालिचेवाला

शनिवार, ६ जुलै

आज फुटबॉलच्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून बावीस गोल झाले आणि वर्ना बावीस वेळा दचकली.

रोवेनानं ही वही दिली ती याच कामासाठी. "बाबा, आईला त्रास केव्हा होतो, कशानं होतो, ते लिहून ठेव. डॉक्टरांना उपयोग होईल." लेकीचा शब्द मोडवत नाही म्हणून लिहायला बसलोय. पण डॉक्टरांना यातून काय नवं कळणार? त्रास कशानं होतो ते मला पहिल्याच दिवशी कळलं. टीव्हीवरच्या जाहिरातींनी होतो.

आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये गोल ढिगानं होतात, आणि गोल झाला की चेंडू मैदानाच्या मधोमध परत नेतात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात टीव्हीवाले जाहिरात घुसवतात. समालोचक बिचारे शेजारच्या खोलीत गप्पा मारत बसल्यासारखे पुटपुटत असतात, त्यांचं बोलणं कळावं म्हणून मी आवाज जरा वर चढवून ठेवतो, आणि एकदम तो गालिचेवाला येऊन बोकांडी बसतो. "फक्त रविवारपर्यंत! फक्त रविवारपर्यंत!" गेली अकरा वर्षं तो हेच ओरडतोय. त्याचा तो रविवार अजून उजाडलेला नाही.

एके काळी मूंटा गावच्या मैदानावर वर्नाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तिचा भाऊ खेळायचा. एकदा तर पंचानं खेळ थांबवून कडेला येऊन तिला विचारलं होतं, "बाई, शिट्टी तुमच्याकडेच देऊ का?" आणि ही म्हणाली होती, "द्या की, तुम्हाला कुठे वाजवता येते!" एप्रिलमध्ये झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय आणि तो आवाज, तिन्ही एकदम गेले. डॉक्टर म्हणतात वाचा हळूहळू परत येतेय. कुठे येतेय? मी दिवसभर समोर बसलेला असतो. मला एक शब्द ऐकू आलेला नाही.

चेंडू गोलच्या खांबांच्या दिशेनं निघाला की ती खुर्चीत आक्रसून बसते. डावा हात कानाकडे जातो. जन्मभर ज्या गोलांसाठी तिनं घसा फोडला, त्यांचीच आता तिला धास्ती वाटते. आणि मी शेजारी रिमोट घेऊन बसलेलो. काय करू?

सोमवार, ८ जुलै

लितिआ सकाळी येते, वर्नाला आंघोळ घालते, भरवते, पाय चोळून देते. फिजीची आहे. हसली की खिडक्या हलतात, बोलणं मात्र आजकालच्या सगळ्यांसारखंच, तोंडातल्या तोंडात. मी एकदा सांगून पाहिलं, तेव्हापासून माझ्यापुढे उभी राहून, ओठ नीट हलवून बोलते. शहाणी मुलगी आहे.

आज म्हणाली, "आजोबा, लापशीत मीठ कमी पडलंय म्हणतात आजी."

"कोण म्हणतं?"

"आजी हो. आत्ताच म्हणाल्या."

मी हसलो. बाहुलीशी खेळणाऱ्या मुली बाहुलीच्या वतीनंही बोलतात, तसंच हे. प्रेमापोटी करते. मी मीठ टाकलं. वर्नानं वाटी संपवली.

एक नवल मात्र नोंदवून ठेवायला हवं. लितिआ असते तेव्हा टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू असतो, मधे जाहिरातीही लागतात, पण वर्ना दचकत नाही. कारण विचारलं तर म्हणते, "मी आवाज बारीक ठेवते."

"बारीक ठेवलास तर ऐकू कसं येतं?"

"येतं की. आजींना येतं, मला येतं." मग माझ्याकडे जरा बघत राहिली.

मला वाटतं सकाळच्या जाहिराती मुळातच सौम्य असाव्यात. गालिचेवाला दुपारनंतर उठत असणार.

बुधवार, १० जुलै

आज वारा समुद्राकडून होता. धक्क्याला गव्हाचं जहाज लागलंय. दाराशी उभा राहिलो तर भुशाचा वास आला, आणि सबंध सकाळ त्यातच गेली.

छत्तीस वर्षं मी तिथल्या सरकत्या पट्ट्यांवर काढली. कोठारातला गहू पट्ट्यावरून धक्क्याच्या टोकाला जायचा आणि तिथून जहाजाच्या पोटात. पट्टा सुरू झाला की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं तेव्हा कुठे शब्द पोचायचा. म्हणून आम्ही खुणांनी बोलायचो. मूठ छातीवर ठेवली की माझं ठीक चाललंय. दोन्ही हात आडवे केले की पट्टा थांबवा. दोन बोटं कानावर आणि मग समोरच्याकडे बोट म्हणजे आवाज पोचत नाही, जवळ ये.

वर्ना दुपारी कापडात गुंडाळलेली, आत भाजी भरलेली गरम पेस्टी घेऊन यायची. तिलाही या खुणा पाठ झाल्या होत्या. लग्नाचं मी तिला तिथेच विचारलं. पट्टा चालू, हवेत भुसा, माझ्या तोंडात बटाटा आणि सलगम. तिनं शांतपणे दोन बोटं कानावर ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. मी जवळ गेलो. पुन्हा विचारलं. तिनं माझ्या कानात जे उत्तर दिलं ते मला अजून ऐकू येतं.

शुक्रवार, १२ जुलै

ॲडलेडहून रोवेनाचा फोन.

"बाबा, ओरडू नकोस ना. मी फोन कानापासून हातभर लांब धरलाय."

"मी कुठे ओरडतोय? तूच पुटपुटतेस."

"कान एकदा तपासून घे म्हणून किती वेळा—"

"माझे कान तुझ्या जन्माआधीपासून ठणठणीत आहेत."

हे तिचं पालुपदच आहे. खरं दुखणं वेगळं आहे. हल्ली कुणाला बोलायलाच शिकवत नाहीत. आमच्या शाळेत मिस पेंगिली होत्या. त्या फळ्यावर कविता लिहायच्या आणि म्हणायच्या, "शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत शब्द पोचला पाहिजे, पण त्याच्या अंगावर पडता कामा नये." दीपगृहाची कविता अजून तोंडपाठ आहे:

दिवा लावुनी बसे किनारी म्हातारा तो राखणदार,
वादळ म्हणते, विझव, विझव रे! तो म्हणतो, अजुनी अंधार.

तपासनीस साहेब आले त्या दिवशी क्लॅरी रॉड्डानं ती आधी म्हटली. क्लॅरी म्हणजे भोंगा. दिवासुद्धा ओरडून, किनाराही ओरडून, म्हातारा ओरडून, वादळही ओरडून. सगळं एका पट्टीत. साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग दुसऱ्या रांगेतली वर्ना नॅनकिव्हेल उठली. पहिली ओळ तिनं इतकी हळू घेतली की साहेब खुर्चीत पुढे झुकले, पाठोपाठ सगळा वर्ग झुकला. आणि मग "विझव, विझव रे" एकदम उंच. अंगावर काटा आला. शेवटचा "अजुनी अंधार" पुन्हा अगदी खाली, श्वासासारखा.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्या ओळीतून मी अजून बाहेर आलेलो नाही.

शनिवार, १३ जुलै

आजचा त्रास नीट लिहून ठेवायला हवा.

आज ठरवून बसलो होतो. रिमोट हातात, अंगठा आवाज बंद करायच्या बटणावर. चेंडू खांबांकडे निघाला की दाबायचं. पण माझा अंगठा सांधेदुखीनं आखडलेला. नेम चुकला की मी वेळेवर दाबलेलं असायचं आणि जाहिरात यायचीच नाही. गोल झाला की नेमका उशीर. गालिचेवाला माझ्या अंगठ्यापेक्षा चपळ आहे.

पहिला भाग संपला. भाग संपला की मोठ्या जाहिराती, आणि मोठ्या जाहिराती लागल्या की किटली ठेवायची, ही इथल्या घराघरातली रीत. मीही उठलो. स्वेटरच्या खिशात काय आहे याचं भान नव्हतं. स्वयंपाकघरात किटलीपाशी शिट्टीची वाट बघत उभा राहिलो. वाफ भसाभस निघत होती पण शिट्टी काही वाजेना. बिघडली असणार. शेवटी तशीच उतरवली, चहा केला, बिस्किटं काढली, तबक घेऊन बाहेर आलो.

वर्ना जमिनीवर होती. खुर्ची आणि टीव्हीच्या मधे, एका कुशीवर. टीव्ही बंद करायला निघाली असणार. रिमोट माझ्या खिशात होता. वर तो गालिचेवाला हात पसरून ओरडतच होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताची दोन बोटं कानावर ठेवली, मग माझ्याकडे बोट केलं. कान दुखत असणार. आणि बोट माझ्याकडे, जणू जाहिरात मीच बनवली होती. ते मला लागलं. पण ती तरी बिचारी कुणाकडे दाखवणार?

मला तिला उचलता येईना. तिचं डोकं मांडीवर घेऊन रुग्णवाहिकेची वाट बघत बसलो.

रविवार, १४ जुलै

हाड मोडलेलं नाही. कमरेवर मोठा काळानिळा डाग.

रोवेना सकाळीच गाडी घेऊन आली. आईपाशी तासभर बसली, दार लोटून. मग बाहेर आली.

"ती पडली तेव्हा तू कुठे होतास?"

"चहा करत होतो."

"तिनं तुला हाका मारल्या बाबा. पुन्हा पुन्हा."

"रोवेना, तिला वाचा नाही."

ती नळाशी गेली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुऊ लागली. पाठमोरी काहीतरी बोलत होती. पाठ करून बोलायची ही कुठली पद्धत? मिस पेंगिलींनी पट्टी घेतली असती. मी दोनदा "काय?" म्हटलं तेव्हा वळली.

"तेवीस तारखेला सरकारकडून एक बाई येणार आहेत. आईला घरी ठेवणं झेपेल का ते बघायला. कदिना गावच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी आहे."

"खोली रिकामी आहे तर राहू दे ना रिकामी."

"बाबा, प्लीज."

वर्नाला नेणार. या घरातून. मला ती इथे हवी, समोरच्या खुर्चीत. यापलीकडे मी आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही. सगळं बिनसलंय ते त्या जाहिरातींनी. त्या थांबल्या तर ती दचकायची नाही, पडायची नाही आणि मग तिला न्यायचं कारणच उरणार नाही. हातात नऊ दिवस आहेत.

जाताना रोवेनानं टीव्हीचा आवाज पार खाली आणून ठेवला. ती गाडीत बसेपर्यंत मी तसाच बघितला. माशांच्या काचेच्या पेटीपुढे बसल्यासारखं वाटत होतं.

बुधवार, १७ जुलै

टीव्ही केंद्राला फोन लावला. मधे चार यंत्रं बोलली, मग एक बाई मिळाल्या, ब्रॉनविन नावाच्या. त्या आवाजाच्याच खात्यातल्या निघाल्या. आमचा फोन जुना झालाय, त्यातून फार बारीक येतं, म्हणून लितिआ स्पीकरपाशी बसली आणि बाईंचं प्रत्येक वाक्य माझ्याकडे तोंड करून परत सांगत गेली.

मी सरळच विचारलं, "जाहिरात आली की तुम्ही आवाज का वाढवता?"

"आम्ही बटणाला हात लावत नाही, ट्रेझीसकाका. कायदाच आहे तसा."

"मग माझी बायको कशानं दचकते?"

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "असं समजा, आवाजाचं एक घर आहे. छप्पर सगळ्यांना सारखंच. सामन्यात गर्दी ओरडली की आवाज छपराला टेकतो, पण समालोचक जमिनीवर बसून बोलतात. मधे भरपूर मोकळी हवा. जाहिरातवाले काय करतात, जमिनीवरचं सगळं दाबून वर सरकवतात. कुजबुजसुद्धा छपराला चिकटलेली. छप्पर कुणीच ओलांडत नाही, पण ते तिथून खालीही उतरत नाहीत."

मला लख्ख दिसलं. "म्हणजे क्लॅरी रॉड्डा!"

"कोण?" लितिआनं आणि बाईंनी एकदमच विचारलं असावं.

मी त्यांना दीपगृहाची कविता म्हणून दाखवली. आधी क्लॅरीसारखी, मग वर्नासारखी. लितिआनं कानांवर हात ठेवले. दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा का ते कळलं नाही.

मग ब्रॉनविनबाईंनी विचारलं, "काका, तुमचा टीव्ही किती आकड्यावर असतो?"

"चाळीसच्या आसपास."

"पन्नासपैकी?"

"हो. समालोचक पुटपुटतात तुमचे."

मग लितिआ हळूहळू सांगू लागली, "त्या म्हणतायत, जमिनीवरचं कळावं म्हणून तुम्ही सबंध घरच वर उचलता. मग छपराला चिकटलेला माणूस बाकीच्यांच्या डोक्यात बसणारच. आणि म्हणतायत..." इथे ती थांबली. "म्हणतायत की काकांचे कान कसे आहेत?"

म्हणजे दोष गालिचेवाल्याचा आणि तपासणी माझी! मी आभार मानून फोन ठेवला. खात्यातली माणसं शेवटी खात्याचीच.

लितिआ जाताना दारात वळली. "पट्टा चालू असताना मागणी घातलीत म्हणे तुम्ही? तोंडात घास होता?" आणि खिडक्या हलवत हसली.

रोवेनानं सांगितलं असणार. रोवेनाला आम्ही हे कधी सांगितलं ते मात्र आठवत नाही.

शनिवार, २० जुलै

आज मी पावसासाठी देवळात गेल्यासारखा हात जोडून बसलो होतो. मैदान ओलं असलं की चेंडू निसटतो, गोल कमी होतात. नेम थोडक्यात चुकला तरी एक गुण मिळतो, पण त्याला जाहिरात नाही. म्हणजे आमच्या पोरांनी आज नुसते नेम चुकवावेत, तेसुद्धा दोन्ही बाजूंनी, एवढीच माझी इच्छा.

देवानं ऐकलं. मेलबर्नला मुसळधार. पहिल्या भागात एकच गोल. मग आमच्या त्या उंच पोरानं अगदी समोरून, लहान मूलही मारील असा चेंडू बाहेर घालवला आणि मी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! असाच!"

वर्नानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. काय ती नजर! पन्नास वर्षांपूर्वी मूंटाच्या पंचानं झेललेली तीच नजर. तिचे ओठ थरथरले, डावा हात खुर्चीवर आपटला. मी टाळ्या थांबवल्या. आपल्या संघाच्या चुकीवर टाळ्या वाजवणारा माणूस तिनं जन्मात घरात घेतला नसता, आणि आज तोच तिला भरवतोय.

एका गुणानं हरलो. वर्ना तीनदाच दचकली. मला वाटलं होतं मी खूश होईन.

मंगळवार, २३ जुलै

सरकारी बाई येऊन गेल्या. फरुजियाबाई. साध्या आहेत, बूट दारात काढून आत आल्या. मी सकाळपासून घर पुसून ठेवलं होतं, वर्नाला निळा स्वेटर घातला, केस विंचरले. टीव्ही बंद. गालिचेवाल्याला संधीच द्यायची नाही.

रोवेना आणि लितिआही होत्या. बाईंनी न्हाणीघर बघितलं, पायऱ्या बघितल्या. मी किटली ठेवायला उठलो, परत आलो तर तिघी माझ्याकडे बघत होत्या. लितिआ म्हणाली, "आजोबा, बाईंनी तुम्हाला तीन वेळा हाक मारली." पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची ही पद्धत आता सरकारातही शिरलेली दिसते.

मग बाई वर्नापुढे गुडघ्यांवर बसल्या. तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं. वर्नाचे ओठ हलले. बराच वेळ हलले. झटक्यानंतर हे असं होतं तिला, काही चघळल्यासारखं. खोलीत कुणीच हलेना. रोवेना खिडकीकडे गेली.

कुणीतरी वर्नाच्या बाजूनं बोलायला नको का? मी पुढे झालो आणि स्वच्छ सांगितलं, "तिला घरी राहायचंय. तिला इथेच राहायचंय, माझ्यापाशी. एकोणसाठ वर्षं राहिलीय."

वर्नानं डोळे मिटले. फरुजियाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हाच मला कळलं की काही खरं नाही.

जाताना बाईंनी कानाच्या तपासणीची एक चिठ्ठी दिली. जाहिरातींनी वर्नाच्या कानांना इजा झाली असेल तर बघायला हवंच. चिठ्ठीवर घाईत माझं नाव पडलंय. दुरुस्त करून घ्यायला हवं.

शुक्रवार, २ ऑगस्ट

ठरलं. मंगळवारी नेणार.

रोवेना पलंगाच्या कडेवर बसून सांगत होती, माझ्याकडे तोंड करून, सावकाश. मी म्हटलं, "तुम्ही तिघींनी मिळून ठरवलंत. तिला कुणी विचारलं?"

"तिनंच सांगितलं बाबा. तुझ्यासमोर. तू दोन हातांवर बसला होतास."

"काय सांगितलं?"

तिनं माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "की तू थकलायस. की ती घरात दिवसभर एकटी असते."

"एकटी? मी समोरच बसलेला असतो!"

रोवेना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिला थोपटलं. लहानपणी रडायची तशीच रडत होती, नुसतं अंग हलायचं. बिचारीला आईच्या तोंडी काहीतरी घालावं लागतंय, नाहीतर तिच्या मनाला हे सोसायचं नाही. लितिआकडून शिकली.

वर्ना रात्री जेवली नाही. मी दीपगृहाची कविता म्हणून दाखवली. तिनं हात वर करून माझ्या तोंडावर ठेवला, ओठांवर. बहुतेक थांब म्हणाली असावी. मी थांबलो.

शनिवार, १० ऑगस्ट

मंगळवारी गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आज सामना लावला. पहिल्या दोन मिनिटांत गोल झाला. गालिचेवाला आला, हात पसरून जीव तोडून ओरडला. मी सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे हात नेला. मग टीव्ही बंद केला.

किटलीनं आजही शिट्टी दिली नाही. नवी आणायची तर कुणासाठी?

शनिवार, १७ ऑगस्ट

दुपारच्या बसनं कदिनाला गेलो. आश्रमाच्या हॉलमध्ये सगळ्यांना अर्धवर्तुळात बसवलेलं, भिंतीवर टीव्ही, त्यावर सामना. वर्नाच्या गळ्यात तिचा जुना मफलर होता. तो लितिआनं आणून दिला म्हणे. ती इथेही आठवड्यातून दोनदा येते. मी वर्नाजवळ खुर्ची ओढली.

इथे टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवतात की मला नुसती पळणारी पोरं दिसत होती. पण बाकीची म्हातारी मंडळी योग्य जागी हसत होती, योग्य जागी हळहळत होती. सवयीनं कळत असेल.

मग गोल झाला. आमचा. मी घाबरून वर्नाच्या दोन्ही कानांवर माझे तळवे ठेवले. पडद्यावर गालिचेवाला आला, हात पसरले, तोंड उघडलं. आणि वर्ना दचकली नाही. तिनं माझे हात कानांवरून काढले, एक आणि मग दुसरा, आणि आपला डावा हात वर उचलला. मूठ आवळून, खांद्याच्याही वर. मूंटाच्या मैदानावर असायची तशी. तिच्या पलीकडे बसलेल्या म्हाताऱ्यानं तिला काहीतरी म्हटलं, तिचे ओठ हलले, आणि तो म्हातारा गदगदून हसला. पुढच्या रांगेतल्या दोघी वळून हसल्या.

इथल्या गालिचेवाल्याला कुणी काय केलंय देव जाणे. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. जी गोष्ट घरी तीन महिने धडपडून मला जमली नाही, ती इथे कुणी न धडपडताच झाली होती, आणि तिच्यासाठी माझी गरज उरली नव्हती. टोपी हातात घेऊन उठायची वेळ झाली होती. बस सव्वाचारची.

मी उठतोय हे तिनं बघितलं. माझी बाही धरली. मग दोन बोटं कानावर ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं.

आणि इतक्या दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. कान दुखत नाहीये तिचा! ही आमची खूण आहे, पट्ट्यावरची. बिचारी, या सगळ्या गोंधळात तिला टीव्ही म्हणजे पट्टाच वाटत असणार, आपण अजून त्या धक्क्यावर आहोत असंच वाटत असणार. मी किती दिवस तिला उत्तर दिलं नव्हतं! आवाज पोचत नाही, जवळ ये. या खुणेला उत्तर एकच असतं. जवळ जायचं.

मी वाकलो आणि माझा कान तिच्या ओठांना लावला.

काही ऐकू आलं नाही. कुठून येणार, वाचाच नाही तर. पण तिचा श्वास येत होता, गरम, कानाच्या पाळीवर. तो एकसारखा नव्हता. आठ ठोके, जरा थांबा, आठ ठोके. मग पुन्हा आठ, आणि शेवटचा तुकडा एका ठोक्यानं आखूड. डोळे मिटले तर समोर मिस पेंगिलींचा फळा होता, खडूची पांढरी अक्षरं होती आणि दुसऱ्या रांगेत उठून उभी राहिलेली मुलगी होती. दीपगृहाची चाल चुकायला मी काय क्लॅरी आहे?

श्वास थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. पुढची ओळ माझी होती.

इथे आजारी माणसं आहेत, भिंतीवर सामना चाललाय, हे भान मला होतं. म्हणून मी अगदी हळू, फक्त तिच्यापुरतं, श्वासासारखं म्हटलं:

"वादळ म्हणते, विझव, विझव रे! तो म्हणतो, अजुनी अंधार."

वर्ना हसली. झटक्यानंतर पहिल्यांदाच, अर्ध्या तोंडानं का होईना, पण हसली. सबंध हॉल मात्र सामना सोडून आमच्याकडे का वळून बघत होता, आणि दारातली ती परिचारिका ओठांवर बोट ठेवून का उभी होती, ते काही मला कळलं नाही.

बस चुकली. पुढची सव्वासहाला होती. तोवर बसलो तिथेच.